बिनसाखळीची खुर्ची

"आधी डोनट, मग लायब्ररीच्या हिरवळीवरची जुनी पुस्तकं, मग हार्डवेअरच्या दुकानातलं मांजर, मग रेल्वेचा पूल, आणि मग पुन्हा डोनट!" ऑगीने बेकरीच्या काउंटरवर सांडलेल्या साखरेत बोटाने नकाशा काढत जाहीर केलं.

"दोनदा डोनट?" इमोजेन म्हणाली. "अरे, पोट आहे की पोस्टाची पेटी?"

"परतीच्या वाटेवरचा डोनट वेगळा असतो, इमी. तो दमलेल्या माणसाचा डोनट!"

बर्नी खो खो हसली. सुट्टी लागल्यापासून ती या दिवसाची वाट पाहत होती. अट साधी होती: अख्खा दिवस डाउनटाउनमध्ये, म्हणजे गावच्या मुख्य बाजारपेठेत काढायचा, पायी. गाडी नाही, मोठं माणूस नाही, आणि अंधार पडायच्या आत घरी. एल्डन ग्रोव्हचं डाउनटाउन होतंच तसं. स्टेशनापासून बंद पडलेल्या थिएटरपर्यंत मेन स्ट्रीट एका दमात चालून होई आणि वाटेत जे जे हवं ते सगळं भेटे. ऑगीच्या भाषेत सांगायचं तर कुठल्याही कोपऱ्यावरून पुढचा खाऊ दिसायचा!

"आणि बर्नी, तुझा कार्यक्रम काय?" ऑगीने विचारलं.

"मला फक्त पुलावरून डॅडच्या ट्रकला हात करायचाय. ते आज स्टेशनच्या पार्किंगमध्ये जेवायला थांबणार आहेत."

एवढ्यात बाहेरून किंकाळीच आली.

"आमच्या खुर्च्या! अहो, आमच्या खुर्च्या कुठे गेल्या?"

तिघं धावत बाहेर आली. मघाशी मागच्या गल्लीतून आल्यामुळे त्यांनी मेन स्ट्रीटकडे पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं आणि ऑगीच्या हातातला डोनट तोंडाशीच थांबला. ऑगीच्या बाबतीत हे सहसा घडत नाही.

आज तीन जुलै होता. उद्या चार जुलैची, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची परेड. आणि तीन जुलैच्या पहाटे एल्डन ग्रोव्हचे लोक आपापल्या खुर्च्या आणून मेन स्ट्रीटच्या फुटपाथच्या कडेला मांडतात, उद्याची जागा धरायला. घडीच्या, प्लास्टिकच्या, आजोबांच्या झुलत्या, पोरांच्या बुटक्या! मांडायच्या आणि खुशाल घरी जायचं. कुणी दुसऱ्याच्या खुर्चीला बोट लावत नाही. इतर वेळी पार्किंगच्या एका जागेवरून गळे धरणारे लोक या एका दिवशी साधूसंत होतात. गावाला या गोष्टीचा मोठा अभिमान होता, आणि तो बोलून दाखवायची त्याहून मोठी हौस.

पण आज बँकेपासून पोस्टापर्यंतची सगळी कड मोकळी होती. एक म्हणजे एक खुर्ची नाही! रस्त्याच्या पलीकडे खुर्च्या तशाच होत्या. पोस्टाच्या पुढेही होत्या. मधलाच तुकडा कुणीतरी चाटून पुसून साफ केला होता.

बँकेसमोर घोळका जमला होता. मधोमध मिसेस डॅगेट उभ्या होत्या. डाउनटाउन समितीच्या त्या अध्यक्ष. पांढरी हॅट, कमरेला दुकानांच्या आणि कोठारांच्या किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. चालल्या की घोड्याच्या गाडीसारख्या वाजत.

"शांत व्हा, शांत व्हा," त्या म्हणत होत्या. "आज मासिकाची पाहुणे मंडळी यायची आहेत. पायी फिरायला राज्यातलं सगळ्यात छान डाउनटाउन कुठलं, ते आज ठरणार! त्यांच्यासमोर हा गोंधळ नको."

"अहो, पण खुर्च्या गेल्या कुठे?" इमोजेनची आई, मिसेस व्हिटेकर, तणतणत होती. "आमच्या नव्या कोऱ्या होत्या! ॲल्युमिनियमच्या!" मग तिचे डोळे बारीक झाले. "थांबा. पहाटे मी कुत्र्याला फिरवत होते ना, तेव्हा इथून एक हिरवा पिकअप ट्रक गेला. तो भंगारवाला! रुळांपलीकडे राहतो तो."

"स्लोव्हिक?" कुणीतरी म्हणालं.

"तोच तो. लोक मोडकं सामान बाहेर काढून ठेवतात ना, त्या दिवशी दारादारातून पत्रे उचलत फिरतो. ॲल्युमिनियम दिसलं की सुटतंय होय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या पटकन डोलावल्या, की जणू मान आधीच तयार ठेवली होती. मिसेस डॅगेट क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी हॅट सारखी केली.

"असेलही," त्या म्हणाल्या. "तोच असेल. ऑफिसर हॅन्ली, जरा बघता का?"

बर्नीच्या हातातला डोनट चिकट झाला होता. बर्नीचं पूर्ण नाव बर्नाडेट स्लोव्हिक. हिरवा पिकअप तिच्या डॅडचा. आणि घोळक्यातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक होतं, कारण त्यांची मुलं तिच्याच वर्गात होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. पाहायचं टाळत होते, हे तिला कळलं, आणि तिचे कान तापले.

ती इमोजेनकडे वळली. इमोजेन आपल्या बुटांच्या नाड्यांकडे टक लावून बघत होती.

"चल," ऑगीने बर्नीची बाही ओढली. "आत्ताच्या आत्ता चल!"

---

स्टेशनच्या पार्किंगमध्ये गावचे पोलीस ऑफिसर हॅन्ली त्यांच्या आधी पोचले होते. डॅड ट्रकमधला माल एकेक करून खाली उतरवत होते. वॉशिंग मशीनचं पिंप, सायकलींचे सांगाडे, गंजलेली शेगडी, तांब्याच्या नळ्या. अर्धं खाल्लेलं सँडविच बॉनेटवर तसंच पडलं होतं. शिकागोच्या गाडीसाठी थांबलेली माणसं प्लॅटफॉर्मवरून मान उंचावून मजा बघत होती.

"डॅड! तुम्ही कशाला उतरवताय? तुम्ही काही केलं नाहीये ना!"

"नाही केलं," डॅड शांतपणे म्हणाले. "म्हणून तर उतरवतोय. रिकामा ट्रक दिसला की प्रश्न मिटला."

ऑफिसर हॅन्ली वाईट माणूस नव्हते. ते च्युइंगम चघळत म्हणाले, "स्लोव्हिक, खुर्च्या इथे नाहीत हे दिसतंय. पण आधीच कुठे टाकून आला असशील, तर संध्याकाळपर्यंत आणून ठेव. मी काही लिहून घेणार नाही."

म्हणजे ट्रक रिकामा दिसूनही प्रश्न मिटला नव्हता! 

"तुम्ही ओरडत का नाही त्यांच्यावर?" ऑफिसर लांब गेल्यावर तिने दातओठ खात विचारलं.

डॅडनी सँडविच उचललं, त्यावर बसलेली माशी हाकलली. "मी आवाज चढवला की लोक म्हणतात, बघा, होताच हा तसला. तू जा खेळायला. सुट्टी आहे तुझी."

खेळायला! बर्नी ट्रकच्या चाकाला टेकून खाली बसली. इमोजेन उशिरा धापा टाकत येऊन पोचली होती. ती जवळ बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बर्नी, रागावू नकोस हं. पण तुझ्या डॅडना चुकून वाटलं असेल का, की कुणी टाकून दिल्यात?"

"चुकून?"

"म्हणजे... कडेला ठेवलेलं ते नेतात ना, म्हणून म्हटलं."

बर्नी तिच्यापासून हातभर लांब सरकली. तिसरीपासूनची मैत्री होती ती. एका वाक्यात तिला तडा जाऊ शकतो, हे बर्नीला आजवर माहीत नव्हतं.

"ए, थांबा!" ऑगी अचानक ओरडला. विचार करताना त्याला चघळायला काहीतरी लागे, म्हणून तो बर्नीचा डोनट खात होता. "आमच्या आजोबांची खुर्ची लाकडाची आहे. आमच्या शेजारच्या केलींच्या सगळ्या प्लास्टिकच्या. त्याही गेल्या! भंगारवाल्याला प्लास्टिक कशाला?"

बर्नी ताडकन उभी राहिली. "डॅड प्लास्टिकला हातसुद्धा लावत नाहीत! आणि एवढ्या खुर्च्या या ट्रकमध्ये मावतील तरी का?"

"नाही मावणार," इमोजेन पुटपुटली. तिचा चेहरा लाल झाला होता. मग जरा मोठ्याने म्हणाली, "आणि तिथली फरशी ओली होती. मी खालीच बघत होते ना, म्हणून दिसलं. बँकेपासून पोस्टापर्यंत साबणाने धुतलीय. पाऊस तर पडलाच नाही!"

"चोर फरशी धुऊन जातो?" ऑगीने डोळे विस्फारले. "भलताच टापटिपीचा चोर!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. धुतलेली फरशी. तेवढ्याच तुकड्यावर नवे झेंडे. तेवढ्याच तुकड्यावर फुलांच्या ताज्या कुंड्या. आणि येऊ घातलेले पाहुणे!

"फोटो!" बर्नी म्हणाली. "फोटोत रिकाम्या खुर्च्यांचा पसारा नको होता कुणाला तरी. पण असं नुसतं सांगून कोण ऐकणार? मी स्लोव्हिकची मुलगी. मला चोर पकडूनच दाखवायला हवा."

तिने ट्रकमध्ये डोकावलं. ड्रायव्हरच्या सीटमागे एक घडीची खुर्ची होती. मागच्या वर्षी कुणीतरी टाकून दिलेली. डॅडनी तिच्या तुटक्या पट्ट्या काढून नव्या विणल्या होत्या, एक हिरवी, एक पांढरी. शेजारी हत्यारांच्या पेटीत निळ्या भुकटीची बाटली होती. सुतार लोक दोरीला ही भुकटी लावून फळीवर सरळ रेघ मारतात, ती. बोटाला लागली तर चार दिवस निघत नाही!

"डॅड, ही खुर्ची नेऊ?"

"कशाला?"

"मेन स्ट्रीटवर मांडायला."

डॅडचा घास थांबला. स्लोव्हिकांनी मेन स्ट्रीटवर कधीच खुर्ची मांडली नव्हती. ते दरवर्षी रुळांपाशी, ट्रकला टेकून परेड बघत. बँडची नुसती पाठ दिसे आणि घोडे दिसायच्या ऐवजी त्यांची लीद दिसे.

"आजच्या दिवशी?" डॅडनी विचारलं.

"आजच."

डॅडनी हातातलं सँडविच खाली ठेवलं. मग म्हणाले, "डावा पाय जरा सैल आहे. घडी उघडताना बोट सांभाळ."

---

तयारी सोपी होती. बेकरीतल्या कागदी पिशवीत निळी भुकटी भरली. ऑगीने पिशवीच्या तळाला पेन्सिलीने भोक पाडलं आणि पिशवी खुर्चीखाली अशी बांधली, की ती जमिनीवर टेकून बसेल. खुर्ची जागेवर असेपर्यंत भोक बंद. उचलली, की भुकटी सुरू!

"ऑगी, तू चोर का झाला नाहीस?" इमोजेन म्हणाली.

"पळायला लागतं ना त्यात!"

धुतलेल्या, चकचकीत फरशीवर बर्नीने ती एकटी खुर्ची मांडली, बरोबर बँकेच्या दारासमोर. आणि तिघं शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात शिरून खिडकीच्या पडद्याआड दबा धरून बसली.

"केस कापायचेत?" न्हाव्याने विचारलं.

"याचे कापा," दोघी ऑगीला पुढे ढकलत म्हणाल्या.

न्हाव्याने ऑगीच्या गळ्यात कापड बांधून एका बाजूला कात्री चालवली न चालवली, तोच एक जाडगेले गृहस्थ लगबगीने येताना दिसले. डोक्यावर समितीची टोपी. हे मिस्टर पेल. समितीने ॲरिझोनाहून आणलेले नवे व्यवस्थापक. गावात येऊन त्यांना पुरता महिनाही झाला नव्हता. खुर्ची पाहताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"आणखी एक!" ते मोठ्याने म्हणाले. "या गावचे लोक कचरा टाकायचे थकतच नाहीत!"

आणि खुर्ची काखेत मारून ते निघालेसुद्धा!

"कचरा?" बर्नीचा आवाज चिरकला.

"अगं, आधी चल मागे!" इमोजेनने तिला दाराबाहेर ढकललं. ऑगी कापडासकट धावला. त्याची एका बाजूचीच झुलपं कापून झाली होती, आणि पुढे आठवडाभर ती तशीच राहिली.

मिस्टर पेल मजेत शीळ घालत चालले होते. आणि त्यांच्या मागे त्या स्वच्छ फरशीवर निळीशार रेघ उमटत होती! लायब्ररीवरून, हार्डवेअरच्या दुकानावरून, फुलांच्या कुंड्यांना वळसे घालत घालत ती गेली थेट जुन्या थिएटरच्या बाजूच्या गल्लीत. तिथलं दार उघडून पेलसाहेबांनी खुर्ची आत भिरकावली, कुलूप लावलं आणि हात झटकत स्टेशनकडे झेंडे लावायला निघून गेले.

तिघांनी तिकिटाच्या खिडकीच्या धुळकट काचेला नाकं लावली.

आत खुर्च्याच खुर्च्या! छतापर्यंत! व्हिटेकरांच्या ॲल्युमिनियमच्या, केलींच्या प्लास्टिकच्या, ऑगीच्या आजोबांची झुलती, सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडलेल्या.

"खुर्च्यांना सिनेमा दाखवायला आणलंय की काय!" ऑगी म्हणाला.

बर्नीला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येत होतं. घोळक्यात उभ्या मिसेस डॅगेट. तो क्षणभराचा गप्पपणा. सारखी केलेली हॅट. "या थिएटरची किल्ली कुणाकडे असते?" तिने विचारलं.

"समितीकडे," इमोजेन म्हणाली. आणि मग तिच्याही डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे त्यांना माहीत होतं! आई बोलत होती तेव्हा त्यांना माहीत होतं!"

"ऑगी, तू जा आणि दिसेल त्याला सांग, खुर्च्या सापडल्या म्हणून. ऑफिसरनासुद्धा. आणि माझ्या डॅडना घेऊन ये. आधी डॅडना."

---

मासिकाची मंडळी आली होती. एक उंच बाई, गळ्यात कॅमेरा, आणि सतत घाम पुसणारा एक गृहस्थ. मिसेस डॅगेट त्यांना बँकेसमोर उभं करून फुशारकी मारत होत्या. "बघा, किती मोकळा, स्वच्छ रस्ता! इथे माणसाचं मन पायीच..."

त्यांचं लक्ष खाली गेलं. त्यांच्या धुतलेल्या फरशीवरून निळी रेघ वेड्यावाकड्या सापासारखी पळत होती!

"ही कसली खूण?" कॅमेरावाल्या बाईंनी उत्सुकतेने विचारलं.

"काही नाही, काही नाही! वात्रट मुलांचा खेळ!"

"खेळ नाही, मॅडम," बर्नी पुढे झाली. तिचा आवाज मुद्दाम गोड होता. "पाहुण्यांसाठी पायवाट आखलीय आम्ही. या रेघेवरून चालत गेलं, की आमच्या गावची सगळ्यात जुनी पद्धत बघायला मिळते."

"किती सुंदर कल्पना!" बाई म्हणाल्या. "चला, चालूया!"

"अहो, तिकडे ऊन फार आहे..." मिसेस डॅगेट म्हणाल्या. पण पाहुणे निघालेसुद्धा! पुढे बर्नी आणि इमोजेन, मागे पाहुणे, त्यांच्यामागे किल्ल्या वाजवत मिसेस डॅगेट. लायब्ररीपाशी केली कुटुंब सामील झालं, हार्डवेअरपाशी ऑफिसर हॅन्ली, बेकरीपाशी मेयरसाहेबांसकट अर्धं गाव. थिएटरच्या गल्लीत पोचेपर्यंत चांगली मिरवणूकच झाली. आणि कडेला, ऑगीच्या मागे, टोपी हातात धरलेले डॅड.

रेघ बंद दाराखाली संपत होती.

"अरेरे! बंद आहे," मिसेस डॅगेट घाईघाईने म्हणाल्या. "आणि याची किल्ली नेमकी हरवलीय."

"हरवली कुठे, मॅडम!" गर्दीतून आवाज आला. गर्दी पाहून मिस्टर पेल धावत आले होते. ते मदत करायच्या उत्साहाने पुढे घुसले. "माझ्याजवळ आहे की! पहाटे तुम्हीच नाही का दिलीत?"

आणि त्यांनी दार उघडलं. धाड्! धडाड्! पहिली खुर्ची पडली, तिच्यामागून दुसरी, आणि मग अख्खा डोंगरच गल्लीत कोसळला.

 मिस्टर पेल गोंधळून सगळ्यांकडे बघू लागले. "हा कचराच होता ना? आमच्याकडे रस्त्याच्या कडेला ठेवलं, म्हणजे टाकलं. हवं त्याने न्यावं. मॅडम म्हणाल्या, कडेला काही म्हणजे काही दिसता कामा नये, म्हणून मी..."

"संध्याकाळी परत मांडणारच होते मी!" मिसेस डॅगेट म्हणाल्या. त्यांचा चेहरा हॅटसारखाच पांढरा पडला होता. "फोटो झाले की लगेच! कुणाला कळलंही नसतं. गैरसमज हो, गमतीदार गैरसमज!"

आणि काय आश्चर्य! कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणी. मग सगळेच हसत सुटले. "पेलसाहेब, कमाल केलीत!" "अहो, माझी झुलती खुर्ची बघा!" प्रत्येकाने आपापली खुर्ची शोधायला धाव घेतली. कॅमेरावाल्या बाई फोटोमागून फोटो काढत होत्या. मेयरसाहेबांनी तिघांना जवळ ओढून पाठ थोपटली. "शाब्बास! अशी चलाख मुलं आहेत, म्हणून हे गाव आहे!"

"तुझ्या केसांना काय झालं रे?" त्यांनी ऑगीला विचारलं.

"कर्तव्य बजावताना गेले, सर."

बर्नी मात्र वाट बघत होती. आता कुणीतरी वळेल. आता कुणीतरी डॅडकडे जाईल.

ऑफिसर हॅन्ली गेले खरे. डॅडच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, मिटलं एकदाचं. स्लोव्हिक, पार्किंगमधला तो माल तेवढा उचलून घे. लोकांच्या गाड्या अडताहेत."

मिसेस व्हिटेकर आपल्या ॲल्युमिनियमच्या खुर्च्या छातीशी धरून आली. "बर्नी, किती हुशार गं तू! मला वाटतच होतं, की यात काहीतरी गफलत आहे. घरी गेलीस की डॅडना सांग हं, त्यांना अभिमान वाटायला हवा!"

"ते इथेच आहेत," बर्नी म्हणाली.

"हो का? अगंबाई! छान, छान!" मिसेस व्हिटेकर डॅडच्या दिशेने, पण त्यांच्या डोक्यावरून कुठेतरी बघत हसली आणि चालती झाली.

इमोजेन थांबली. "मी आईला सांगणार होते, की तुझे डॅड असं करणार नाहीत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सगळे होते ना तिथे."

"हो," बर्नी म्हणाली. "सगळे होते."

ढिगाच्या अगदी वर तिची हिरवी-पांढरी खुर्ची होती, निळ्या भुकटीने माखलेली. ती काढून बर्नी एकटीच मेन स्ट्रीटकडे निघाली आणि बँकेच्या दारासमोर तिने ती मांडली. कुणी हटकलं नाही. उलट दोघातिघांनी कौतुकाने हात केला.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्नी आणि डॅड रूळ ओलांडून चालत आले. डॅडनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते इतके सावकाश चालत होते, की बर्नीला दर चार पावलांनी थांबावं लागत होतं.

"आपली जागा अगदी पुढे आहे, डॅड! घोडे तोंडाकडून दिसतील!"

मेन स्ट्रीट खुर्च्यांनी भरून गेला होता. पोस्टापाशी बर्नीचं लक्ष खाली गेलं, आणि ती थबकली.

खुर्च्यांच्या पायांतून काहीतरी चमकत होतं. साखळ्या! केलींच्या प्लास्टिकच्या खुर्च्या सायकलच्या कुलपाने एकमेकींना बांधलेल्या. ऑगीच्या आजोबांची झुलती खुर्ची झाडाला, त्यामुळे तिला झुलताच येत नव्हतं. व्हिटेकरांच्या ॲल्युमिनियमच्या खुर्च्या दिव्याच्या खांबाला, जाड साखळीने, दोन वेढे देऊन. इमोजेनचे वडील सगळे खिसे चाचपत होते. "किल्ली कुणाकडे आहे? अगं, किल्ली कुणाकडे दिलीस?"

बँकेपासून पोस्टापर्यंत प्रत्येक खुर्चीला साखळी होती. इतक्या वर्षांत कुणाला तिची गरज पडली नव्हती. खुर्च्या ज्यांनी नेल्या, त्या मिसेस डॅगेट तर मंचावर मेयरसाहेबांच्या शेजारी बसल्या होत्या, पांढरी हॅट घालून. मग या साखळ्या कुणासाठी होत्या? ते बर्नीला कुणी सांगायला नको होतं.

बँकेच्या दारासमोर एकच खुर्ची मोकळी उभी होती. हिरवी, पांढरी, थोडी निळी.

डॅडनी सगळं पाहिलं. सवयच ती, त्यांनी व्हिटेकरांच्या साखळीची एक कडी बुटाच्या टोकाने हलवून पाहिली.

"चांगलं पोलाद आहे," ते म्हणाले.

बर्नी हसायला गेली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "घरी जाऊया, डॅड. ट्रकपाशी उभं राहून बघू."

"का? पट्ट्या मी विणल्यात या खुर्चीच्या," डॅड म्हणाले. त्यांनी सैल पाय नीट टेकवला आणि ते बसले. मेन स्ट्रीटवर, पहिल्या रांगेत, पहिल्यांदाच. बर्नी त्यांच्या मागे, खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"बर्नी!" शेजारून इमोजेनने हाक मारली. तिने आपल्या खुर्चीचा निम्मा भाग मोकळा केला होता. "ये ना, दोघी मावू."

बर्नीने त्या खुर्चीकडे पाहिलं. मग खालच्या साखळीकडे.

"मी उभीच बरी आहे," ती म्हणाली.

मंचावरून मेयरसाहेबांचा भोंगा खरखरला. "मंडळी, परेड सुरू होण्याआधी आपल्या तीन छोट्या हेरांसाठी जोरदार टाळ्या! त्यांच्यामुळे आज आपण सगळे आपापल्या जागी बसलो आहोत!"

अख्खा मेन स्ट्रीट बर्नीकडे वळला आणि टाळ्या वाजवू लागला. लोक उत्साहाने उठून उभे राहत होते, आणि त्यांच्या खुर्च्यांखालच्या साखळ्या खळखळत होत्या. डॅडसुद्धा टाळ्या वाजवत होते, सगळ्यांपेक्षा जोरात.